शंकासुरांनी घेतलेला नमुना

...आणि वर तो दुकानदार मलाच ऐकवतो, "काका, एक काडी पेटली नाही म्हणून अख्खी पेटी वाईट कशी हो?" मला! अहो, तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य गेलं माझं काडेपेटीच्या कारखान्यात, तेसुद्धा माल तपासण्यात, आणि हा मला...! बरं, चिडावं तर तो बोलतोय ते बरोबर! एका काडीवरून पेटीचा निकाल लावायचा नाही, हे आमचं बाळकडू. मग काय, सगळ्या काड्या ओढून बघता? बघा की! सगळ्या पेटतील, तुम्ही टाळ्या वाजवाल, आणि विकणार काय? कोळसे? पेटवलेली काडी विकता येत नाही!

हे वाक्य आमच्या साहेबांचं. कारखान्यात त्यांना सगळे शंकासुर म्हणायचे... अर्थात पाठीमागे. काय माणूस होता! बोटांची टोकं भाजलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ढिगातून पेटी उचलायची ती डोळे मिटून. का? तर, "उघड्या डोळ्यांनी हात लबाडी करतो रे, नेमकी छान पेटी उचलतो!" मग खर्र... खर्र... काड्या ओढायच्या. थोड्या फुसक्या निघाल्या तर म्हणायचे, "हे निव्वळ नशिबाने होऊ शकतं का? होऊ शकतं ना? मग माल चांगला आहे असं धरून चाला." जास्त निघाल्या की, "छे! एवढं वाईट नशीब कुणाचं नसतं. परत पाठवा!" आता तिथे मशीन बसवलंय म्हणे, दिवा लागतो, लाल नाहीतर हिरवा. दिव्याला शंका येते का हो कधी? तो धुराचा वास अजून नाकात आहे माझ्या... असो.

तर साहेबांची मुलगी आमच्याच प्रयोगशाळेत, काड्यांच्या गुलाचा मसाला कालवायला. आणि माझं आपलं तिथे जाणं वाढलं... हसू नका! शेवटी धीर करून साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर केला. "हं. चांगला माल परत पाठवला तर कारखाना रडतो, वाईट माल पाठवला तर गिऱ्हाईक रडतं. इथे रडणार माझी मुलगी. तेव्हा तपासणी होईल!" म्हटलं, "साहेब, एकदा लग्न लावून तर बघा..." "पेटवलेली काडी विकता येत नाही!"

तपासणी कशी? वारांच्या आणि वेळांच्या चिठ्ठ्या एका डब्यात. साहेब डोळे मिटून एक काढणार आणि त्या वेळी माझ्या खोलीवर धडकणार. न कळवता! आणि माझी खोली... एकट्या पुरुषाची खोली हो! खुर्चीवर कपडे, कपड्यांवर ताट, ताटात कंगवा! मी हायच खाल्ली. ही हातची जाणार, नक्की! पण साहेब चिठ्ठी ठेवायचे चष्म्याच्या घरात, आणि चष्मा रोज पुसून द्यायचं कोण? ही! प्रयोगशाळेत माझ्या शेजारून जाता जाता पुटपुटायची, "आज संध्याकाळी. चादर बदला." मग काय, साहेब येतात तर खोली लखलखीत! एकदा तर मी उशीच्या खोळीला इस्त्री केली!

शेवटच्या फेरीला साहेबांनी पलंगाखाली वाकून बघितलं आणि खुर्चीत बसले. "जेव्हा यावं तेव्हा लखलखाट. एकदाही मळका मोजा सापडू नये? हे निव्वळ नशिबाने होऊ शकतं का?" मी उगाच इस्त्रीची उशी झटकायला लागलो. "छे! एवढं चांगलं नशीबही कुणाचं नसतं. मला कुणीतरी फसवतंय." संपलं! म्हटलं, मुलगी गेली, आता नोकरीही जाणार... आणि साहेब हसले! अख्ख्या कारखान्याने त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "चिठ्ठी ठाऊक मला आणि तिला. म्हणजे जी माझ्या हातचा चहासुद्धा हुंगून पिते, ती तुझ्यासाठी बापाला फसवते! याहून मोठा पुरावा आणू कुठून?" आणि चष्मा पुसत बसले, कितीतरी वेळ. पुसायचे होते डोळे, हो.

लग्नात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता परत घेणार नाही हं. पेटवलेली काडी विकता येत नाही!" पण जावई चांगला आहे, असं कधी म्हणाले असतील? छे! लोकांना सांगायचे, "वाईट आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळालेला नाही, एवढंच." अगदी शेवटी, अंथरुणाला खिळलेले, मी पाय चेपत होतो, विचारलं, "बाबा, आता तरी सांगा, पास ना मी?" माझा हात चाचपला, घट्ट धरला, आणि म्हणाले, "जावईबापू, नमुना अजून लहान आहे." फार आठवण येते हो त्यांची... एवढ्या मायेने शंका घेणारं आता कुणी राहिलं नाही.

परवा हिला म्हटलं, "अगं, बाबा गेले, आता माझा निकाल कोण लावणार?" तर भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणते, "जाताना तपासणी माझ्याकडे सोपवून गेलेत. चालू आहे." चालू आहे! नातवंडं झाली, दात गेले, आणि म्हणे चालू आहे! आता दाद मागायची तर थेट वरच जायला हवं... आणि तिथे आधीपासून जाऊन बसलंय कोण? हिचेच वडील!