रघुआबांच्या डीमधले खड्डे

बसा, बसा मंडळी. हा माईक जरा खाली घ्या रं कुणीतरी. मला ह्याची सवय न्हाय. मी गोलकीपर. जन्मभर मागनं ओरडत आलोय. पुढं येऊन बोलायची वेळ आली, ती ही असली.

तुमी सगळे आलात. ऊसतोड जोरात चालू असताना कामं टाकून आलात. लासुर्ण्याची माणसं आलीत, भवानीनगरची आलीत, बारामतीहून जुनी खेळाडू मंडळी गाड्या करून आलीत. सुमनवहिनी ह्या समोर बसल्यात. त्यांच्याकडं बघत हे सगळं बोलणं मला जमायचं न्हाय. म्हणून मी वर ह्या मंडपाच्या कापडाकडं बघून बोलणार हाय. वहिनी, राग मानू नका.

तुमचे रघुआबा गेले. माझा रघ्या गेला. बारामतीच्या दवाखान्यात गेला, हार्ट अटॅकनं. छातीत दुखतंय हे सांगायला सुद्धा त्यानं उशीर केला. म्हणाला, पोरींची प्रॅक्टिस होऊ दे, मग बघू. असला माणूस.

आता माझ्याआधी संपतराव बोलले. आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. चांगलं बोलले, त्यांना येतं बोलायला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की ह्याच मैदानावर रघुआबांच्या नावानं मोठं सभागृह बांधायचं. लग्नं होतील, कार्यक्रम होतील, आबांचं नाव कायम राहील. आणि तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागं बसून ऐकत होतो. मला त्या टाळ्यांवर बोलायचंय. पण थांबा. आधी रघ्यावर बोलतो. मग टाळ्यांचं बघू.

आमी पोरं होतो तेव्हा हितं कुस्ती होती, कबड्डी होती. फुटबॉल म्हंजी कारखान्याच्या कॉलनीतल्या साहेबांच्या पोरांचा खेळ. आमी कुंपणाबाहेरनं बघायचो. एक दिवस त्यांना माणूस कमी पडला, तर हा रघ्या कुंपणावरनं उडी मारून आत गेला. अनवाणी. त्याला म्हणाले, तुला काय येतं? हा म्हणाला, "मला काय येत न्हाय. पण माझ्याकडनं कुणी पुढं जात न्हाय."

खरंच गेलं न्हाय. तालुक्यात न्हाय, जिल्ह्यात न्हाय. पुढं पुण्याला एका खात्याच्या टीममध्ये घेतला त्याला. स्टॉपर म्हणून खेळला, म्हंजी गोलपुढचा शेवटचा राखणदार, नोकरी मिळाली. मोठमोठे फॉरवर्ड यायचे, पायात भोवरा असल्यावानी नाचायचे. हा हलायचाच न्हाय. मी एकदा इचारलं, अरे तू फसत कसा न्हाईस? म्हणाला, "मारत्या, चेंडूकडं बघायचं न्हाय. पायाकडं बघायचं न्हाय. कमरेकडं बघायचं. माणसाला जिकडं जायचंय, तिकडंच त्याची कंबर वळती."

संपतराव, तुमी हसताय. तुमाला पण त्यानं हे शिकवलं होतं. तुमी आमचे सेंटर फॉरवर्ड. त्यानं चेंडू काढून द्यायचा आणि तुमी गोल मारायचा.

ती फायनल आठवती का? रघ्या पुण्याहून सुट्टी काढून गावाच्या संघातनं खेळायला आला होता. सामना संपत आलेला. कॉर्नर झाला. मी पुढं गेलो, चेंडू माझ्या डोक्यावरनं गेला. गोल झालाच होता. लाइनवर हा उभा. डोकं घातलं, चेंडू बाहेर काढला आणि स्वतः जाऊन खांबावर आपटला. ओठ फाटला. तोच चेंडू पुढं गेला, संपतरावांनी गोल केला, आमी जिंकलो.

मग काय झालं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संपतरावांना उभं केलं. गुलाल, हलगी, हार. ह्या रस्त्यानं मिरवणूक निघाली. आणि मागनं रघ्या नि मी चालत येतोय, सगळ्यांच्या पिशव्या खांद्याला लावून. त्याच्या ओठाला टाके. मला राग आलेला. मी म्हणालो, तू ट्रॉलीत का न्हाईस? तो टाक्यांमुळं धड हसू शकत नव्हता. तरी हसला. म्हणाला, "गोल झाल्याला दिसतो, मारत्या. न झाल्याला गोल कुणाला दाखवायचा?"

बगा. आयुष्यभर त्यानं हेच केलं. वाईट व्हायचं ते होऊ दिलं न्हाय. आणि झालंच न्हाय, म्हणून कुणाला कळलंच न्हाय.

पुढं गुडघा गेला. खेळणं संपलं. दुसरा असता तर पुण्यात फ्लॅट घेऊन बसला असता. हा वहिनींना घेऊन गावाकडं आला. मंडळानं त्याला मॅनेजर केला. बाहेरच्या माणसाला वाटंल, मॅनेजर म्हंजी खुर्ची असंल. आमच्याकडं मॅनेजर म्हंजी काय? पहाटं उठून मैदानावर फक्की मारून रेषा आखायच्या. जाळी शिवायची. पोरांच्या आयांच्या शिव्या खायच्या. पोरींचा संघ काढला तर त्यांच्या बापांच्या शिव्या खायच्या. पोरींना हाफ पँट घालायला लावतो म्हणून ह्याच्या दारात माणसं आली होती भांडायला. तवा सुमनवहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ऊस खुरपताना साडी गुडघ्यावर खोचती तुमची बाई, तवा कुठं जाती तुमची लाज?" माणसं आल्या पावली मागं फिरली. वहिनी, त्या दिवशी आमच्या संघाला खरा बॅक मिळाला.

आता मैदानाचं सांगतो. नीट ऐका.

हे मैदान मंडळाच्या ताब्यात हाय. मोकळी जागा दिसली की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. आज कुणाचा वाढदिवस, उद्या शेतकरी मेळावा, परवा कुणाच्या पोरीचं लग्न. मंडप आला. मंडप आला की खांब आले. खांब आले की पहारीनं खड्डे आले. कार्यक्रम झाला की मंडपवाला खांब काढून नेतो. खड्डे नेत न्हाय. वर पत्रावळ्या आणि गवत पसरतं. खड्डा दिसत न्हाय.

आणि रघ्या काय करायचा? प्रत्येक कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पोरींना एका रांगेत उभं करायचा. हाताला हात लावून. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, खाली बघत, पाऊल पाऊल चालायचं. खड्डा सापडला की माती भरायची, टाचेनं दाबायची. खिळा सापडला की खिशात. कार्यक्रम तुमचा, खड्डे त्याचे. संपतरावांना तो कितीदा म्हणाला, मंडप रस्त्याकडंच्या पडीक जागेत घाला. व्हय व्हय म्हणायचे. कंबर दुसरीकडं वळलेली असायची.

मग त्याचा सत्कार ठरला. जीवनगौरव. मोठ्या पाव्हण्यांच्या हस्ते. रघ्या म्हणाला, शाळेत करा, देवळात करा, मैदानावर नको. ऐकतंय कोण? मंडप हितंच पडला. हितंच, गोलपुढच्या ह्या डीमध्ये. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पाव्हण्यांना उशीर झाला, कार्यक्रम लांबला. दुसऱ्या दिवशी त्याला जरा कणकण होती, उठायला उशीर झाला. रांग लागायच्या आधीच पोरी खेळायला लागल्या.

ऋतुजा, उभी रहा बाळा. बघू दे त्यांना.

ही आमची स्टॉपर. रघ्याचीच जागा. पळताना हिचा पाय त्या खड्ड्यात गेला. पोरींना गोलकीपिंग शिकवायला मी उभा होतो, हाड मोडल्याचा आवाज मी गोलमधनं ऐकला. रघ्या सत्काराची शाल अंगावर घेऊनच आला होता. तीच शाल फाडली आणि हिच्या पायाला आवळून बांधली. हिला गाडीत घातलं, आणि तसाच अध्यक्षांच्या घरी गेला. मी सोबत होतो. तो ओरडला न्हाय. एवढंच म्हणाला, "संपत, माझा सत्कार त्या पोरीच्या पायावर पडला रं. आता तरी हे थांबव."

संपतराव, तुमी काय म्हणालात? मी सांगू का तुमी सांगताय? बरं, मीच सांगतो. तुमी म्हणालात, "आबा, पाव्हण्यांनी दिल्याली शाल फाडायला नको होती. वर काय तोंड दाखवू मी?"

शाल! पोरीचं हाड मोडलं आणि ह्यांना शाल दिसली.

महिन्याभरात मंडळाची बैठक झाली. आबांचं वय झालंय, त्यांना विश्रांती देऊ, असं ठरलं. नवीन मॅनेजर कोण? अध्यक्षांचा भाचा. बरं पोरगं हाय, माझा त्याच्यावर राग न्हाय. त्याला ऑफसाइड काय असतं ते अजून कळायचंय, एवढंच. आणि रघ्याला निरोप आला, आता मैदानावर यायची तसदी घेऊ नका.

तो आला न्हाय. कुंपणाबाहेर उभा राहायचा. स्कूटर उसाच्या कडेला लावायची आणि तारेला धरून उभं राहायचं. लहानपणी जिथनं आमी बघायचो तसाच. आणि पोरी काय करायच्या? चेंडू खेळत खेळत कुंपणाजवळ यायच्या. तिथंच घोळायच्या. तो तारेच्या पलीकडनं हळू सांगायचा. कमरेकडं बघ. मागं ये. घाई नको. ऋतुजाचा पाय बरा झाला, तो त्या कुंपणाशीच झाला. मला इचाराल तर मला ह्याचा संताप येतो. रघ्याला यायचा न्हाय. आज त्याच्या वाटणीचा मी घेतोय.

काल वहिनींनी अध्यक्षांना निरोप पाठवला. शोकसभा शाळेत घ्या, मैदानावर नको. उत्तर आलं, मंडप सांगून झालाय. आज सकाळी संपतराव माझ्याकडं आले. म्हणाले, "मारुतीराव, चांगलंच बोला. आजच्या दिवशी वाद नको." आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, मैदानाचं तेवढं बोला."

मी वहिनींचं ऐकलंय.

आता खाली बगा सगळ्यांनी. आपापल्या खुर्चीखाली, त्या खांबापाशी. पहारीनं खणलेली ताजी माती हाय. ही डी हाय. हितं तो उभा राहायचा. त्याच्या जागेवर खड्डे खणून आपण त्याला श्रद्धांजली वाहतोय. आणि वर ह्याच जागेवर सिमेंट ओतून त्याचं नाव लावणार. खड्डा निदान बुजवता येतो, संपतराव. सभागृह कशानं बुजवायचं?

तुमी टाळ्या वाजवल्यात त्या ह्याला.

संपवतो. पद्धत हाय, शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. राहू या. पण ह्या मंडपात न्हाय.

समोरच्याला फ्री किक मिळाली की रघ्या वॉल लावायचा, गोलपुढं माणसांची भिंत. खांद्याला खांदा, हात पुढं. आणि दर वेळी एकच सांगायचा. "चेंडू लागंल. लागू द्या. तोंड फिरवायचं न्हाय. तोंड फिरवलं की गोल झाला."

ज्यांना हे मैदान राहावं वाटतं, त्यांनी उठा. मंडपाच्या बाहेर या, गोलपुढं उरल्याल्या जागेत. ऋतुजा, पोरींना घेऊन ये. एका ओळीत उभं राहा, ह्या स्टेजकडं तोंड करून. म्हाताऱ्यांनी पण या, गुडघे दुखत असले तरी या, त्याचे पण दुखायचे. मधली जागा रघ्याची. ती मोकळी ठेवली तर तो शिव्या देईल. तिथं सुमनवहिनी उभ्या राहतील. या वहिनी. मी मागं हाय. माझी जागा मागंच हाय.

संपतराव, तुमची जागा तुमी ठरवा. भिंतीत या, न्हायतर समोर उभं राहून चेंडू मारा.

झालं का सगळं? सरका जरा, फट ठेवू नका.

दोन मिनिटं. रघ्या, आमी उभं हाय रं.

कुणी तोंड फिरवायचं न्हाय.