समुद्रातली लाल खूण

—नाही हो भाऊ, खूण नकाशावर होतीच. हे बघा, तुमच्यासमोर उघडते. हा नाला, हा पूल, आणि ही लाल खूण — दाबली की काय येतं? ‘पूल खचला, रस्ता बंद.’ मग? ‘त्या दिवशी सकाळी खूण दिसत नव्हती’ असं मी लिहून कसं देऊ? तुम्हाला घरी बसवलंय, उद्या चौकशी आहे, सगळं कळतं मला. पण मागे पेशंट तळमळत असताना ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं लक्ष फोनवर राहील का? दोष नाही देत हो. बसा ना, उभे का? ते कागद खाली ठेवा.

तुम्हाला वाटत असेल, बाई नकाशा काढतात. छे! नकाशा आयता असतो. मी नुसती फाइल लिहिते — अमुक जागी खूण, रंग लाल, दाबली की हे वाक्य — आणि ती वर चढवली की सगळ्यांच्या फोनवर. अकरा वर्षं करतेय. नव्या मुलींना मीच शिकवते. शाळेत आपण काय घोकलं? आधी अक्षांश, मग रेखांश. या फाइलीत उलटं, आधी रेखांश! पहिल्या दिवशी सगळ्याच चुकतात. एकीचं पोस्ट ऑफिस थेट समुद्रात गेलं होतं — महिनाभर तिला आम्ही पाणबुडी म्हणत होतो. गंमत हो. नाही, तुम्हाला कसलं हसू येणार.

आता त्या सकाळचंच घ्या. इंजिनिअरनं पुलावरून फोन केला, आकडे सांगितले. तो शाळेतल्यासारखेच सांगणार ना, आधी अक्षांश? आणि साहेब माझ्या खुर्चीमागे — झालं का, झालं का — मी म्हटलं, झालं. एरवी खूण टाकली की मी नकाशावर जाऊन बघते, बघितल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. त्या दिवशी नाही बघितलं. म्हणजे... एखाद्या दिवशी राहतं माणसाचं, एवढंच म्हणतेय. आणि दिसणार तरी कुणाला? समुद्रात रस्ता कोण शोधतं? अकराला तुमच्या कंट्रोल रूमचा फोन आला, गाडी खचलेल्या पुलापाशी अडकलीय, वीस किलोमीटरचा वळसा घेतेय. मी आकडे उलटे केले. दोन मिनिटांचं काम, भाऊ. दोन मिनिटांत खूण पुलावर. तोवर त्या पेशंट बाई गेल्या... त्यांची मुलगी गाडीतच होती ना सोबत?

थांबा. मी असं काही म्हटलेलं नाही. उद्या विचारतील, फाइल बरोबर आहे का? आहे. नवी चढवली की जुनी पुसली जाते, मागे काही राहत नाही. तेवढंच सांगेन मी. खोटं नाही ते! ...खोटंच आहे. मला फार भीती वाटते हो. जिला पाणबुडी म्हणून चिडवलं, तीच मुलगी उद्या समोर बसणार. तुम्हाला दोन लेकरं आहेत ना — धाकटी अजून शाळेत जात नाही. मी काढली होती चौकशी. तरी उद्या माझं तोंड उघडणार नाही, माझं मला माहीत आहे.

असे बघू नका. शिव्या द्या हवं तर. कागद गोळा करताय?

मग या तुम्ही. साहेबांची यायची वेळ झाली. दार ओढून घ्या — आणि उद्या तिथे माझ्यासमोरच्या खुर्चीत बसू नका.