कोब्यावरचा डाग

महूच्या बसमध्ये पुढच्या बाकावरचा आवाज प्रतापरावांनी ओळखला. त्यांच्याच पोलोग्राउंडच्या कारखान्यातला येसाजी मिस्त्री बायकोसोबत बसला होता. प्रतापरावांनी पेपर तोंडासमोर धरला.

“हाताची सालं निघालीत तुमच्या!”

“मध्यभारतचे मंत्री येणार होते ना. तीन दिवस कास्टिक सोड्यानं कोबा घासला, तरी तेलाचा डाग जाईना. मग छिन्नीनं खरवडून वरून नवं सिमेंट घोटलं.”

“एकट्यानं? तेल सांडलं कोणी?”

“मीच. सगळ्यांसमोर साहेब तसंच बोलले.”

“अहो, पण खरं कोणी?”

“अगं, नव्या कोब्यावरही डाग पडला, बरोबर तिथंच. साहेबांची मोटर उभी राहते तिथं. तीच गळते.”

“मग सांगायचं ना तोंडावर!”

“कसं सांगू? बिचारे शरमिंदे झाले असते. ते घरी गेले की मी ताजं तेल लगेच पुसून टाकतो.”

तेवढ्यात कंडक्टर आला.

“रामराम प्रतापराव साहेब! आज मोटर छोडके बसमध्ये?”



“दुरुस्तीला दिलीय,” प्रतापराव म्हणाले. “तेल गळतं तिचं. बऱ्याच दिवसांपासून, म्हणे.”

येसाजीनं मागं न बघता दोन्ही हात हळूच उपरण्याखाली घेतले.