पंचनाम्याआधी हात लावू नका

मंडळी, आयाबायांनो, कापसाची वेचणी टाकून तुम्ही आले. मास्तरांनी मले या शोकसभेत बोलाले उभं केलं. यमू माही धाकटी बहीण. मी नाही बोललो, तर कोण बोलन?

दिवाळीनंतरचं ते वादळ तुम्ही सगळ्यांनी पाह्यलं. यमूच्या घरावरचे कवेलू उडाले. चुलीमागची मातीची भिंत भिजली अन् आत झुकली. पडली नाही, मंडळी. झुकली.

दुसऱ्याच दिवशी मी लोधीखेड्याहून बैलगाडीत लाकडी बल्ल्या घेऊन आलो. भिंतीले टेका द्यायचा होता. तर आमचे जवाईबापू, हे समोर बसले, हे आडवे आले. पटवारी सांगून गेला म्हणे, पंचनामा होईपर्यंत कशाले हात लावू नका. हात लावला की मुआवजा, नुकसानीचा सरकारी पैसा, गेला.

मी यमूले म्हटलं, माह्या घरी चल. ती म्हणाली, "दादा, साहेब आले अन् घरी कोणी नसलं, तर म्हणतीन इथं कोणी राहतच नाही."

तेव्हा प्रांत मोडून राहिला होता. नागपूर तिकडं गेलं, आपण इकडं भोपाळच्या राज्यात राहिलो. जुने साहेब तिकडच्या राज्यात गेले, नव्यांचा पत्ता नव्हता. जवाईबापू सौसरच्या कचेरीले खेटे घालत. तिथं एकच उत्तर, भोपाळहून हुकूम येऊ द्या.

अन् यमू त्या भिंतीखाली सैपाक करून राहिली. वाकून चुलीपाशी जाये, वाकूनच बाहेर निघे. शेजारणी म्हणत, बाई, चूल अंगणात मांड. ती म्हणे, चूल हलवली तर साहेबाले नुकसान कमी दिसन.

मग एका सकाळी भिंत खाली बसली. लख्ख ऊन होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. यमू भाकरी थापून राहिली होती.

अन् मग साहेब आले, मंडळी. इतके दिवस जो रस्ता सापडत नव्हता, तो मयतीनंतर सापडला. माणूस वाईट नाही. अंगणात आल्यावर टोपी काढली. कवेलूंचा मुआवजा भेटन म्हणाले. भिंतीचा नाही. बाईचा नाही.

काऊन, मी विचारलं.

"उस दिन हवा कहाँ थी? तूफान में तो दीवार खड़ी ही रही." अन् मग हळूच म्हणाले, "झुकी दीवार के नीचे रहने को किसने कहा था?"

पटवारी बाजूलेच उभा होता. त्यानं जमिनीकडं पाह्यलं.

यमू, तुले कोणी सांगितलं होतं, बाई? सांग ना आता.

ती माती अजून तशीच पडून हाय. जवाईबापू म्हणतात, साहेब भोपाळले विचारून पाहणार हायेत, तोवर राहू द्या. मंडळी, माह्या बहिणीचा फुटलेला चुडा त्या मातीत हाय. तिची परात हाय. परातीत भिजवलेलं पीठ हाय.

आता सगळे उभे राहा. यमूसाठी थोडा वेळ कोणी बोलू नका. अन् त्यानंतर ज्याच्या घरी फावडं असन, त्यानं ते घेऊन माह्यासंगं चलावं. जवाईबापू, तुमच्या पाया पडतो, आज आडवे येऊ नका.

यमू, रामराम घे.