वसंताचा आकडा

आमच्या मुन्नीच्या झोळीसाठी आकडा हवा होता. मी तो बाजारातूनच आणणार होते, पण माझा दीर वसंता रायपूरला इंजिनिअरिंग शिकत होता ना. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्याने स्वतः लोखंड तापवून, ठोकून एक आकडा केला होता. सुट्टीत भिलाईला आमच्या क्वार्टरवर आला, तो आकडा घेऊनच. थोडा वाकडाच होता.

"वहिनी, हाच लावा झोळीले."

मी चांगली मॅट्रिक झालेली बाई, पण पोरीचं काही असलं की शिकलेलं सगळं विसरते. आकडा छताच्या कडीत अडकवून आधी गव्हाचं पोतं टांगलं. वसंताचा चेहरा उतरला. आकड्याने पोतं पेललं, तरी माझा जीव मानेना. शेवटी झोळी बांधून मी स्वतःच तिच्यात बसले. नेमके तेव्हाच हे प्लांटमधून आले.

"हे काय करून राहिली तू?"

"आकडा पाहून राहिली. पोरगी झोपणार आहे इथं."

मला वाटलं, आता हसतील. पण हे वर बघत म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडे नवी क्रेन उभी झाली की पहिले तिले जास्तीचं वजन उचलायला लावतात, मग कामाले घेतात. तुले कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. मी ऐटीत उतरले आणि मुन्नीला झोळीत ठेवलं. दोन झोक्यांत झोपली.

"सरांनी दहापैकी चारच दिले," वसंता हळूच म्हणाला. "आकार बरोबर नाही म्हणे."

"सरांनी तो नुसता पाहिला, भाऊजी," मी म्हटलं. "मी त्याला लटकून आले."