डाव्या हातानं बांगडा

गोजर : अवो, तो वाढपी बोलतोय बाजूची फॅमिली रूम रिकामी हाय. पडदा पण हाय तिला. तिथं बसू ना.

महिपत : नाय. इथं.

गोजर : इथं मधोमध? येणारा-जाणारा तुमच्या ताटात बघंल.

महिपत : बघू दे. बावीस वर्षं ह्याच टेबलाला बसलो मी. आज पडद्यामागं कशाला?

वाल्मिक : बसा वैनी, बसा. दादांची जागा हीच. कसारा स्टेशनात ड्युटी सुटली की सगळी गँग इथं, आणि महिपतदादा बरोब्बर पंख्याखाली. मी तेव्हा नवीन होतो, पाण्याचे ग्लास मांडायचो. दादा, ओळखलंत ना मला?

महिपत : वाल्मिक. तू पाण्यात बोट बुडवायचास.

वाल्मिक : बघा, आठवण शाबूत आहे. आजाराचं कळलं होतं आम्हाला. कुणीतरी बोललं, महिपतदादांना लकवा मारला. आठ महिने झाले ना?

महिपत : आठ. पाय आला परत. बोलणं आलं, जरा हळू. हात नाय आला. उजवा.

वाल्मिक : येईल, येईल. वैनी, तुम्ही पहिल्यांदाच?

गोजर : पयल्यांदाच. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, किन्हवलीच्या घरात बसून ह्या खानावळीचं नुसतं ऐकलं. मी मासळी केली की हे तोंडात घास घालून गप्प बसायचे. विचारलं तर बोलायचे, बरं हाय. आणि त्या 'बरं हाय'मदी काय ते मला कळायचं.

वाल्मिक : तेव्हा बायामाणसं यायची कुठं इथं. सगळे इंजिनवाले, गार्ड, गँगमन. शेठच्या आजोबांनी मालवणहून येऊन चूल मांडली ती त्यांच्यासाठीच. मुंबईहून गाडी यायची, घाट चढायला मागून दुसरं इंजिन जोडेपर्यंत थांबायची. तेवढ्यात गार्डाच्या डब्यातनं बर्फातल्या टोपल्या उतरायच्या. समुद्र बघितला नाही अशा गावात ताजी सुरमई. तो फोटो बघा भिंतीवर, टोपलीशेजारी उभे आहेत ते आजोबा. आता नाशिकला जाणारे मुंबईकर गाडी थांबवतात, आधी फोटोचा फोटो काढतात, मग जेवायला बसतात.

महिपत : वाल्मिक, पुढच्या वेळी सांग तिला. आता भूक लागली.

वाल्मिक : हां, बोला. सुरमई आणू? मधला एकच काटा, बाकी नुसतं मांस. नाहीतर बोंबील, काट्याचा प्रश्नच नाही.

महिपत : बांगडा. अख्खा. तळून.

वाल्मिक : बांगडा... दादा, बारीक काटे असतात.

महिपत : मला सांगतोस?

गोजर : सुरमई आण रे दादा तू. ह्यांचं नको ऐकू.

महिपत : बांगडा. दोन ताटं. भाकरी, कालवण, भात.

वाल्मिक : बरं. आणि... चमचा देऊ का ताटात?

महिपत : नको. तू जा, नायतर इथंच उभा राहशील.

गोजर : गेला बिचारा. त्यानं भलं चिंतलं तर त्याच्यावर डाफरलात. अवो, घरी मी भरवते ते काय वाईट लागतं? आसनगावपर्यंत एसटी, मग गाडी, एवढी तंगडतोड करून इथं येऊन बांगडा मागायचा. काटा अडकला घशात म्हंजे?

महिपत : डॉक्टर बोलले गिळायला काय त्रास नाय. तू होतीस समोर.

गोजर : डॉक्टर पेजेचं बोलले होते, बांगड्याचं नाय.

महिपत : रविवारी पेज नाय.

गोजर : रविवारचं काय आलं मधीच?

महिपत : रविवारी आपल्या रुचिताचा साखरपुडा. मुरबाडची चाळीस माणसं आपल्या दारात. व्याही व्याह्याशेजारी बसतो पंगतीला. एका सतरंजीवर. बसतो का नाय?

गोजर : बसतो. पण दुखणाईत माणसाला कोण काय बोलतंय? तुमी खुर्चीवर बसून नुसतं या-बसा करा. जेवण मागाहून करू आपण आत.

महिपत : मला उपास हाय ना रविवारी.

गोजर : काय?

महिपत : तू फोनवर बोललीस व्याहीणबाईला. आमच्या ह्यांना रविवारचा उपास असतो, ते पंगतीला बसणार नायत. मी पडवीत होतो. लकवा हाताला झालाय, कानाला नाय.

गोजर : तुमी ऐकलंत ते.

महिपत : ऐकलं. आयुष्यात उपास केला नाय मी. एकादशीला पण सुकट मागणारा माणूस.

गोजर : मग मी काय सांगायचं होतं? आमचे हे डाव्या हातानं जेवतात, तेवढं चालवून घ्या? होणाऱ्या जावयाची, सुयोगची आजी कशी हाय बघितलंत ना. पोरीनं डाव्या हातानं चहा पुढं केला तर म्हातारीनं कप घेतला नव्हता. रुचितानं हात बदलला तेव्हा घेतला. तिच्या समोर तुमी डावा हात ताटात घालणार? ज्या हातानं...

महिपत : ज्या हातानं धुतो, त्याच हातानं खाणार. बोल ना. एकच हात उरला, त्याला दोनी कामं. साबण लावतो मी.

गोजर : मला ठाऊक हाय तुमी लावता. म्हातारीला कोण सांगणार?

महिपत : सांगायचं कशाला. जेवायचं तिच्यासमोर. म्हणून इथं आलो आज, बुधवारी. चार दिवस हातात हायत. वरण-भात, जिलबी, पुरी, त्याला काय काटे नायत. बांगडा जमला ह्या माणसांत तर रविवारी सगळं जमंल. नाय जमला तर तुझा उपास पाळतो. कुरकुर करणार नाय.

गोजर : आणि इथं तुमचं हसं झालं तर?

महिपत : तर झालं.

वाल्मिक : घ्या. दोन ताटं. बांगडा थेट तव्यावरून आणलाय, गरम आहे, सांभाळून. तांदळाची भाकरी आत्ताच उतरवली. वैनी, लिंबू पिळा वर. काही लागलं तर हाक मारा, मी इथंच आहे.

गोजर : थांबा, भाकरीचे तुकडे तरी करून देते.

महिपत : हात मांडीवर ठेव.

गोजर : अवो, तुकडे केले तर काय बिघडलं?

महिपत : रविवारी तू बायकांत असशील. मांडीवर ठेव.

गोजर : ठेवले. घ्या. हे काय करताय? तो हात कशाला उचलून ताटात ठेवताय?

महिपत : वजन. उजवा भाकरीवर ठेवला की ती सरकत नाय. डाव्यानं तोडायची. हे बघ.

गोजर : हे कधी शिकलात?

महिपत : तू शेतावर गेलीस की.

गोजर : मला दाखवलं नाय कधी.

महिपत : जमत नव्हतं. काय दाखवायचं? पयले दोन महिने वाल सोलले.

गोजर : वाल? म्हंजे ते शेजारच्या जिवलीकडनं मोड आलेले वाल मागून आणायचात, ते? मला वाटलं तुमाला बिरडं खायचंय. मी करून करून कंटाळले.

महिपत : मी खाऊन खाऊन. भिजलेल्या वालाचं साल एका हातानं काढायचं तर अंगठा आणि दोन बोटं लागतात. दाणा सटकतो. पयल्या दिवशी सात सोलले. सकाळपासनं दुपारपर्यंत सात. मग रोज वाटीभर. बांगड्याला पण तीच बोटं लागतात.

गोजर : आणि मी शेजारणीला सांगत होते, ह्यांना आता कायच करता येत नाय. कमीत कमी वाल तरी निवडत बसतात.

महिपत : ऐकलं ते पण.

गोजर : खा. बोलू नका, खा.

(महिपत डाव्या हातानं बांगडा सोडवायला लागतो. मग ताट वाजतं आणि बांगडा टेबलावर सरकतो.)

गोजर : गेला. मी बोलले होते. थांबा, मी उचलते.

महिपत : मांडीवर.

गोजर : अवो, तो कोपऱ्यातला चष्म्यावाला बघतोय. त्याच्या बायकोला पण कोपरानं खुणावलं त्यानं.

महिपत : तू त्यांच्याकडं नको बघू. माझ्याकडं बघ.

वाल्मिक : दादा, दुसरा आणतो. हा राहू द्या.

महिपत : टेबल पुसलं होतंस ना?

वाल्मिक : पुसलं तर होतं.

महिपत : मग हाच. सरक जरा, उजेड अडतोय.

वाल्मिक : ते... त्या टेबलावरच्या बाई मला विचारत होत्या, आजोबांना कुणी मदत करत का नाही. पाहिजे तर त्या येतात बोलल्या.

महिपत : त्यांना सांग, लई उपकार. पण तुमी जेवा म्हणावं, कालवण गार होतंय.

गोजर : बघितलंत? मलाच नावं ठेवतात लोक. शेजारी बायको बसलीय आणि नवऱ्याला साधा घास भरवत नाय.

महिपत : पंगतीत पण ठेवतील. चालंल तुला?

गोजर : मला नाय चालणार. खरं सांगू? मला कधीच नाय चालत. तुमाला दवाखान्यातनं आणलं त्या दिवशी जिवली आली होती बघायला. मी पेज भरवत होते, निम्मी तुमच्या ओठातनं शर्टावर आली. तिनं तोंड फिरवलं. वाईट नाय ती, तिला बघवलं नाय इतकंच. पण मी उठले आणि दार लावलं.

महिपत : आणि रोज लावलंस.

गोजर : रोज. तुमची लाज राखावी म्हणून.

महिपत : माझी?

गोजर : तुमचीच. नायतर कुणाची?

महिपत : जिवलीनं तोंड फिरवलं ते मला सहन झालं असतं गो. उद्या परत आली असती, परवा आली असती, सवय झाली असती तिला. आठ महिने दार लावून जेवलो, त्यानं मलाच वाटायला लागलं की आपण काय तरी घाण करतोय.

गोजर : असं नका बोलू.

महिपत : असंच वाटतं. रोज. कडी लागली की वाटतं.

गोजर : मला एकदा बोलला असतात.

महिपत : बोलता येत नव्हतं तेव्हा. बोलता यायला लागलं तेव्हा तू इतकं करत होतीस की तोंड उघडवेना. आता गप. शेपटीकडनं धरतोय.

गोजर : हळू. वर उचला जरा. नाय, नाय, मी कायच बोलत नाय.

महिपत : मधला काटा असा सुटतो. ओढायचा नाय. मांस खाली दाबायचं आणि काटा वर येऊ द्यायचा. बघ.

गोजर : आला. आख्खा आला.

महिपत : ठेव त्या वाटीत. नको, मीच ठेवतो.

गोजर : डोळ्यांत पाणी आलं तुमच्या.

महिपत : तिखट हाय.

गोजर : तिखट नाय ते. मी नुसतं चाखलं, तरी मला ठाऊक हाय. माझं कालवण ह्याच्यापेक्षा तिखट असतं.

महिपत : बरं असतं.

गोजर : अजून तेच का?

महिपत : ह्यांचा बांगडा चांगला. कालवण तुझं चांगलं. आता झालं?

गोजर : बत्तीस वर्षं लागली बोलायला. शर्टावर रस्सा सांडलाय बघा. पुसू?

महिपत : जेवून झाल्यावर. तुझं ताट तसंच हाय.

वाल्मिक : दादा, अर्धी भाकरी वाढू?

महिपत : एक वाढ. आणि अजून एक बांगडा.

वाल्मिक : एक की दोन? वैनींना?

गोजर : ह्यांनाच आण. मला फोन करायचाय जरा. ह्याच्यावर रुचिताचा नंबर कुठं गेला... हां, लागला. रुचिता? आई बोलते. हो, कसाऱ्यालाच हावत. जेवतायत. बांगडा. नाय, मी नाय भरवत. अगो ऐक आधी. सुयोगच्या आईला फोन कर आणि सांग, आमच्या बाबांना उपास-बिपास काय नाय, आई चुकीचं बोलली. माझं नाव सांग सरळ. हो, पंगतीलाच बसणार. पयल्याच पंगतीला, व्याह्यांच्या शेजारी. आजीला काय बोलायचं ते बोलू दे, मी बघून घेईन. काय? माझं पान? नाय, त्यांच्या बाजूला नको. समोरच्या रांगेत मांड. मला ते जेवताना दिसले पायजेत.