वयाने लहान नवरा

अतिदक्षता विभागाबाहेर एक शिंपी आपल्या भावाच्या काळजीने बसला होता. शेजारी बसलेल्या आजी आपल्या मुलीशी बोलत होत्या.

"आई, डॉक्टर म्हणाले, बाबा ऐंशीचे असले तरी शरीर साठीचं आहे. म्हणून तर एवढ्या दुखण्यातून वाचले."

"आणि माझं?"

"तुला कुठे तपासलंय?"

"गुडघे सांगतात ना, पंचाहत्तर! म्हणजे हे माझ्याहून लहान?"

"शरीराने गं!"

"मग जन्मभर अहो-जाहो कशाला केलं मी? आता अरे-तुरेच करणार."

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

नर्सने दार उघडलं. "आजी, आजोबा शुद्धीवर आलेत. भेटून घ्या."

आजी डोळे पुसत आत गेल्या. शिंप्याने कान टवकारले.

"काय रे, बरा आहेस का?"

आतून आजोबांचा खोल गेलेला आवाज आला,

"हो, ताई."